चिरा दगड की माती?

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि जगातले सगळे खरे बोलायचे काम आपल्यावरच सोपवले आहे, अशी माझी समजूत होती. रत्नागिरीत निराधार मुलांना दरमहा रोख मदत देणारी एक समिती होती. तिच्या कचेरीत मी तपासणीस म्हणून लागलो. अर्ज आला की त्या गावी जायचे, घर पाहायचे आणि छापील फॉर्म भरायचा, एवढेच काम.

फॉर्म घाटावर कोणीतरी बसून केलेला. त्यात एक प्रश्न होता, 'घर कशाचे?' पुढे तीन पर्याय: गवताचे, मातीचे, दगडी. दगडी घरवाल्याला मदत नाही. घाटावर ते बरोबरही असेल. तिकडे दगडी घर म्हणजे पैसेवाल्याचे. आमच्याकडे जमीन खणली की तांबडा जांभा, म्हणजे चिराच लागतो. ज्याच्याकडे काही नसते त्याच्याकडेही चिरे असतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी स्वतः चिऱ्याच्या खोलीत भाड्याने राहत होतो आणि आपण श्रीमंत असल्याचा मला कधी भास झाला नव्हता. पण फॉर्म हातात आला की माणूस ठाऊक असलेल्या गोष्टीसुद्धा विसरतो.

पूर्णगडच्या अलीकडच्या एका वाडीतून अर्ज आला. दोन बहिणी, थोरली दहाची, धाकटी सहाची. आई धाकटीच्या बाळंतपणात गेलेली. बाप गलबतावर खलाशी, तो वर्षापूर्वी गलबतासकट बुडाला. सांभाळायला बापाची विधवा बहीण. मुली तिला फुफी म्हणत. ती मासळी सुकवून विकायची.

"ईद झाली की मुंबईचा चुलता येणार, थोरलीला न्यायला," फुफीने सांगितले.

"शिकायला?"

"शिकायला कुठली! त्याच्या घरात तान्हं पोर हाय, ते सांभाळायला. तुमचा पैसा आला तर नाय पाठवायची. नाय आला तर एक तोंड तरी कमी."

थोरली चौथीत होती. ती दाराआड उभी राहून माझ्या पेनकडे बघत होती.

घर म्हणजे चार भिंती, उघड्या चिऱ्याच्या, आणि वर माडाच्या झापांचे शाकारलेले छप्पर. मी भिंतीवर दोन थापा मारल्या, जाणकारासारखी मान हलवली आणि लिहिले: 'दगडी'. तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात भर घातली: 'भिंती भक्कम'.

पंधरा दिवसांनी अर्ज नामंजूर झाला. 'अर्जदार दगडी इमारतीत राहते, सबब अपात्र.' तो कागद वाचून दाखवायला मलाच पाठवले. फुफीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शांतपणे ऐकले.

"इमारत कुठली ओ?"

"हीच."

"अल्ला! एवढी वर्षं इमारतीत राहतोय आणि आमाला कुणी सांगितलं पण नाय." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, "साहेब, आधी कुठला कोपरा शिजवायचा, ते पण लिवलंय काय त्यात?"

परत येताना मी ठरवले की हा अन्याय दूर करायचा. केला कोणी होता, हा विचार मी एसटीत बसल्यावर सोडून दिला.

आमचे साहेब घाटावरचे. माणूस वाईट नव्हता. मी त्यांना म्हटले, "साहेब, चिरा म्हणजे खरा दगड नव्हेच. मऊ असतो. कुऱ्हाडीने कापतात. मातीच म्हणा ना."

"दाखवा."

"दाखवतो," मी म्हणालो. तोंडावर ताबा ठेवणे मला अजून जमत नाही, तेव्हा तर मुळीच जमत नव्हते.

पुढच्या खेपेला फुफीच्या परसात पडलेला अर्धा चिरा मी गोणपाटात बांधून एसटीत चढवला. कंडक्टर म्हणाला, "हे काय?"

"पुरावा आहे."

"पुराव्याचं लगेज पडेल."

ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "घेऊ दे रे, असे एक एक नेऊन घर बांधायचा दिसतोय."

साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी चिरा ठेवला, खिशातून खिळा काढला आणि ओढला. तांबडी माती भुरभुर पडायला हवी होती. पडले काहीच नाही. जोर लावला. खिळा वाकला.

साहेबांनी आधी खिळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "दगड आहे," ते म्हणाले. "उचला."

आमचे हेडक्लार्क खेडचे. त्यांनी मला बाहेर गाठले. "अहो शहाणे, चिरा खाणीतून निघतो तेव्हा लोणी असतो. वारा लागला की दगड होतो. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चार-पाच वर्षं उन्हात वाळलेला कसला आणता?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "दिसेल ते लिहायचं असतं. भिंत फोडून बघा असं फॉर्ममध्ये कुठं म्हटलंय?"

हे फुफीला कसे सांगावे याची मी वाटभर तयारी केली होती. मी अडखळत अर्धे बोललो तोवर तिने पदर खोचला होता. चार दिवसांत आतून-बाहेरून सगळ्या भिंती तांबड्या मातीने लिंपून झाल्या. सत्याचा पुजारी असल्याने मी लिंपायला हात लावला नाही. फक्त विहिरीवरून पाणी आणले. दोन कळशा आणल्या, त्यांतली एक सांडली.

फेरतपासणीत मी लिहिले: 'मातीचे'. साहेबांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. "महिन्याभरात दगडाची माती झाली? उद्या मी येतो."

ते आले तेव्हा सावलीतली भिंत अजून ओलीच होती. फुफी दारात ओठ मिटून उभी. साहेबांनी धाकटीला जवळ बोलावले. "बाळ, घर कशाचं गं तुमचं?"

मी खाडीकडे बघू लागलो.

"मातीचं," धाकटीने पाढा म्हटल्यासारखे म्हटले. पण पाढा पुढे सरकेना. तिने एकदा फुफीकडे पाहिले आणि मग तिला राहवले नाही. "वरनं मातीचं. आत चिरे हायत. माझ्या बापानं काढले. हा बघा, हा त्यानं एकट्यानं उचललान." आणि नखांनी ओली माती ओरबाडून तिने तो चिरा दाखवलासुद्धा.

"कार्टे!" फुफीचा आवाज फुटला. थोरली मुकाट्याने आत निघून गेली.

साहेब वाकून चिरा पाहत राहिले. "सगळे त्यानंच काढले?"

"सगळे. कौलं पण आणणार होता. मंगळुरास्नं."

"मग?"

"त्या खेपेलाच गेलेला," फुफी म्हणाली.

साहेबांनी मान वर करून छपराकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. झापांच्या फटींतून उजेड खाली येत होता. मग त्यांनी माझ्या हातातून फॉर्म घेतला, 'मातीचे' खोडले आणि स्वतःच्या पेनने लिहिले: 'गवताचे'.

"साहेब, पण भिंती..."

"घर कशाचे एवढंच विचारलंय. भिंत हा शब्द या फॉर्मात आहे कुठं? तो तुम्ही तुमच्या पदरचा घातलात. वर भक्कम!"

ते खरेच होते. छापील फॉर्म मी पन्नासदा भरला होता, वाचला एकदाही नव्हता. आमच्या घरात ही गोष्ट निघाली की मुले चिऱ्याला हसतात. बायको या वाक्याला हसते.

ईद झाली, मंजुरी मात्र वरच्या कचेरीत अडकून राहिली. चुलता न्यायला आला त्या दिवशी मी कागदावर राहून गेलेल्या एका अंगठ्याच्या ठशासाठी नेमका तिथे होतो. त्याने थोरलीसाठी नवा फुलाफुलांचा झगा आणला होता.

"पैसा आला काय?" त्याने विचारले.

"येणार हाय."

"सरकारी पैसा! तंवर खाणार काय?"

"साहेबानं सोताच्या हातानं लिवलंय," फुफी म्हणाली. "पोर शाळेत जाते. नाय यायची."

आमच्या कचेरीचा वेग मला माहीत होता, म्हणून मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो. पुढे ते पैसे यायला दोन महिने लागले आणि ते दोन महिने फुफीने सुकटीवर कसे काढले, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

चुलता तणतणत उठला आणि झगा पिशवीत परत कोंबू लागला. फुफीने पिशवी धरली.

"झगा कुठं नेतोस? पोरीसाठी आणलास ना? पोर हितंच हाय."