फिनलंड सर

आमच्या इतिहासाच्या सरांनी बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर. तरी फिनलंडवर चालून आलेल्या रशियन फौजेची गोष्ट ते अशी सांगत, की कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये आम्हाला हुडहुडी भरे. पुस्तकात ती लढाई एका ओळीची होती. सरांकडे ती दोन तास चाले. म्हणून ते फिनलंड सर.

फळ्यावर लांबलचक रस्ता काढून ते त्यावर हाताने आडवे घाव घालत. "फौज रस्त्यावर आली की तिचा ऊस झाला. लांब हाय म्हणून भ्यायचं न्हाय. कांड्या करायच्या, मग चावायचं!" घंटा व्हायच्या वेळेला रणगाडे बर्फात रुतलेले असत आणि वर्ग टाळ्या वाजवत असे. गोष्ट तिथेच संपे.

छाती पुढे काढून मरण्याचं त्यांना कौतुक नव्हतं. आमच्या या पुतळ्यांच्या शहरात ते खुशाल म्हणत, "पुतळ्याला थंडी वाजत न्हाय. शिपायाला वाजती. आधी त्याचे बूट बघा."

माझ्या बाकावरचा दीपक हे ऐकत ऐकत फौजेत गेला. नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तो सरहद्दीवरच्या बर्फात होता. 'सर, इथं आम्हीच तुमचे फिनलंडवाले,' असं त्याचं पत्र आलं. सरांनी ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. पंधरा दिवसांनी दीपकची पेटी आली.

शोकसभेसाठी पेंटरने रंगवलेल्या बोर्डावर दीपकपेक्षा पुढाऱ्याचं तोंड मोठं होतं. पुढारी म्हणाला, "दीपक हसत हसत गेला." त्याने दीपकला कधी पाहिलेलंही नव्हतं. मग सर उठले.

"फिनलंडवाले जिंकले न्हाईत," ते म्हणाले. "साडेतीन महिन्यांनी तह केला. जमीन दिली. त्या जमिनीवरची माणसं घरंदारं सोडून निघाली. मला म्हाईत होतं. पोरं टाळ्या वाजवायची, म्हणून मी तिथंच थांबत होतो."

कुणीतरी माइक काढून घेतला. घोषणा सुरू झाल्या. दीपकचे वडील कागलच्या एमआयडीसीत वॉचमन होते. ते खुर्चीवरून उठून सरांपाशी आले.

"सर, हे पोराला सांगायचं हुतं की. मला कशाला सांगताय?"



पुढच्या वर्षापासून ते तहापासून सुरुवात करू लागले. वर्ग जांभया देई. "म्हातारा खचला," पोरं म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनदा निरोप धाडला, ये म्हणून. मी गेलो नाही. मलाही रणगाडे रुतलेलेच हवे होते.