गहाळ लिहिलेली सायकल

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शहरातल्या एका पोलीस चौकीत तक्रारी लिहून घ्यायचे. बावीस वर्षं एकच टेबल, एकच खुर्ची. अक्षर असं, की वही उघडावी आणि वाफ्यातली रोपं ओळीनं उभी दिसावीत. बहिणीला त्या अक्षराचा अभिमान होता, मलाही होता. म्हणून हे सांगताना जीभ अडखळते. पण त्यांनीच मला सगळं सांगितलं, आणि कुणाला सांगू नकोस, असं काही म्हणाले नाहीत.

चौकीच्या भिंतीवर एक तक्ता होता. वस्तीत महिन्याला किती गुन्हे झाले, त्याची लाल रेघ. रेघ वर गेली की साहेबांचा आवाज वर जायचा. खाली आली की साहेब सगळ्यांना चहा मागवायचे. रेघ खाली ठेवण्याची हातोटी दाजींना साधली होती. त्यात दमदाटी नव्हती. माणूस आला की ते त्याला बसवत, पाणी देत, सगळं ऐकून घेत आणि हळूच विचारत, "नक्की चोरीच का? कुठं ठेवून विसरला नाहीत ना?" चोरी लिहिली की पंचनामा, तपास, कोर्टाचे खेटे. गहाळ लिहिलं की एक सही, आणि माणूस मोकळा. लोकांना ते पटायचं. उलट म्हणायचे, हवालदार म्हणजे देवमाणूस.

रेघ उतरत गेली. वस्ती शहरातली सगळ्यात सुरक्षित ठरली आणि नाक्यावर तसा लोखंडी फलक लागला. आठवड्यात त्याचे चारही बोल्ट कुणीतरी काढून नेले. दाजींनी लिहिलं, 'वाऱ्यानं सैल होऊन पडले.' चौकी पोट धरून हसली. दाजीही हसले.

त्याच सुमारास घड्याळजी आले. सत्तरी ओलांडलेले, पण जिन्याखालच्या टीचभर दुकानात रोज घड्याळं दुरुस्त करत बसायचे. वाचनालयाबाहेरून त्यांची सायकल गेली होती.

"कुलूप लावलं होतं मी. ही बघा किल्ली. दिव्याला मनगटी घड्याळाचा पट्टा बांधलाय, लांबूनही ओळखू येईल."

"किल्ली माझ्याही खिशात असते, आजोबा. चष्मा मात्र रोज शोधतो." दाजी हसून म्हणाले. "बाजारात लावली असेल आणि वाचनालयात चालत आला असाल. या वयात होतं असं."

घड्याळजी किल्लीकडे बराच वेळ बघत राहिले. "होतं का असं?"

"होतं तर! माझ्या वडिलांचंही व्हायचं."

दाजींनी लिहिलं, 'सायकल कुठे ठेवली ते आठवत नाही.' पट्ट्याचं काही लिहिलं नाही. घड्याळजींनी सही केली, नक्कल खिशात घातली आणि घरी गेले.

ती नक्कल सुनेच्या हाती लागली. बिचारी घाबरली. पोलिसांच्या शिक्क्याचा कागद, खाली सासऱ्यांची स्वतःची सही! तिनं आधी गॅस त्यांच्या हातून काढून घेतला, मग घराच्या किल्ल्या. मग गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं. ज्याला स्वतःची सायकल आठवत नाही, त्याच्या हाती घड्याळ कोण देणार? दुकानाचं शटर खाली आलं. दाजी रोज त्या शटरसमोरून जायचे. मनात म्हणायचे, वय झालं म्हाताऱ्याचं.

सात महिन्यांनी दुसऱ्या चौकीच्या माणसांनी भंगाराच्या गोदामामागं एक शेड उघडली. आत चोरीच्या सायकली दाटीवाटीनं लावलेल्या. यादी करायला दाजींना पाठवलं. चौथ्या रांगेत एका दिव्याला घड्याळाचा स्टीलचा पट्टा होता. दाजींनी चौकीत येऊन साहेबांना ते सांगितलं.

साहेब म्हणाले, "गहाळ वस्तू सापडली, असं लिहा आणि देऊन टाका. जुनी पानं उकरू नका."

दाजी सायकल हातात धरून चालत गेले. तिच्यावर बसायचा धीर झाला नाही.

दार सुनेनं उघडलं. "अगबाई, सापडली? कुठं ठेवली होती हो यांनी?"

'बाजारात' हा शब्द अगदी ओठांवर आला होता, असं दाजींनी मला सांगितलं. एवढं म्हटलं असतं तर चहा घेऊन परत येता आलं असतं.

तेवढ्यात घड्याळजी बाहेर आले. हात पट्ट्याकडे गेला, आणि त्यांनी तो मागं घेतला. "माझी नसेल. माझ्या आठवणीचं आता काही खरं नाही. तुमच्याच वहीत आहे ना तसं?"

"वहीत खोटं आहे, आजोबा." दाजींची मान वर होईना. "सायकल चोरीलाच गेली होती. तुम्ही कुलूप लावलं होतं. तुमचं सगळं बरोबर होतं. आमची रेघ खाली राहावी म्हणून मी तुम्हाला विसराळू ठरवलं."

सून दाराच्या चौकटीला टेकली. "अहो हवालदार, सात महिने आम्ही यांना एकटं जिना उतरू दिला नाही. यांच्यादेखत यांच्याबद्दल बोलायचो, पाळण्यातल्या बाळाबद्दल बोलावं तसं!"

म्हातारा ओरडला असता, हात उगारला असता, तर दाजींना बरं वाटलं असतं. तो तसं काही करेना. त्यानं एवढंच विचारलं, "आणि तुमचे वडील?"

"त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत सगळं आठवत होतं."

घड्याळजींनी मान हलवली. "बसा मग. लिहा."

दाजींनी मांडीवर कागद घेऊन तक्रार नव्यानं लिहिली. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून ओळन् ओळ वाचली. 'कुलूप असावे' खोडून 'कुलूप होते' करायला लावलं, आणि मगच सही केली. मग भिंग काढून म्हणाले, "माझ्यासारखे अजून किती आहेत?"

दाजी सांगू लागले. शाळेतली शिपाईण. कोपऱ्यावरचा न्हावी. इथल्याच वरच्या मजल्यावरची नर्स. तिची पर्स हिसकावली होती, दाजींनी 'गर्दीत पडली' लिहिलं. तिचा नवरा अजून तिला चारचौघांत धांदरट म्हणतो.

"आम्हाला कशाला सांगता?" सून म्हणाली. "ती आहे घरी. नवराही आहे. चला."

ती पुढं, दाजी मागं. एकच मजला चढायचा होता. आतून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दाजींचा हात बेलपर्यंत जाईना. शेवटी तिनंच बेल दाबली, आणि दाराच्या समोर एकटे दाजीच राहावेत अशी ती बाजूला सरकली.