पुतळ्याची बदली

मी आमच्या नर्सिंग कॉलेजच्या शिक्षकेतर कर्मचारी संघटनेचा अध्यक्ष. अख्ख्या जळगावात माझ्याइतका भांडखोर अध्यक्ष नाही, असं मीच लोकांना सांगत फिरायचो. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायची सोय नाही.

आमच्याकडे एक अक्का होत्या. काम काय, तर खाटेवर पेशंट होऊन पडायचं. मुली त्यांच्यावर बीपी बघायला, कूस बदलायला शिकायच्या. पोरीचा हात चुकला की अक्का पडल्या पडल्या सांगायच्या, "खांदा ओढू नको बाई, कमरेखाली हात घाल." निम्म्या बॅचेस त्यांनीच घडवल्या, पण कागदावर पद होतं 'सराव रुग्ण'. घर कॉलेजच्या मागेच. दुपारच्या सुट्टीत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस बदलून यायच्या. घरात तिसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांना हीच नोकरी हवी होती.

मग कॉलेजनं रबरी पुतळा घेतला. स्टोअरवाल्यानं त्याची नोंद थेट अक्कांच्या पदासमोर केली. दुसऱ्या दिवशी अक्कांच्या हातात पत्र: आपल्या पदावर अन्य कर्मचारी रुजू झाल्याने आपण उद्यापासून येऊ नये.

"बठ्ठं मी शिकाडस, आनि जागा त्यानी शे का?" अक्कांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळं शिकवायचं अक्कांनी आणि जागा पुतळ्याची! माझं टाळकंच सटकलं.

"साहेब, तो पुतळा आहे," मी रजिस्ट्रारना म्हणालो.

"असेल. पण रुजू झालाय. काढायचा तर कारण लागेल. गैरहजर राहतो का? दारू पितो?"

पद रिकामं व्हायला दोनच वाटा, म्हणाले, राजीनामा नाहीतर बदली. पुतळा सही करणार नव्हता. म्हणून मीच संघटनेच्या लेटरहेडवर अर्ज केला: सदर कर्मचाऱ्याची कौटुंबिक अडचणीमुळे संस्थेच्या जामनेर शाखेत बदली व्हावी. माझ्या आयुष्यात एवढ्या लवकर एकही अर्ज मंजूर झाला नव्हता. आम्ही पुतळ्याला शाल-श्रीफळ देऊन निरोपसुद्धा दिला. त्याच्या मितभाषी स्वभावावर मी भाषण ठोकलं, लोक पोट धरून हसले. मी तर हवेतच होतो.

निघायच्या सकाळी आदेश नीट वाचला. 'पदासह बदली.' म्हणजे जागाच जामनेरला चालली होती. अक्कांना काम हवं असेल तर तिकडे, पुतळ्याची मदतनीस म्हणून, रोज सकाळी जाऊन रात्री परत. मी रजिस्ट्रारच्या टेबलावर हात आपटला. त्यांनी शांतपणे माझाच अर्ज पुढे सरकवला.

अक्का रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मनी सासूले दुपारले कोन पलटावी?"

"मी," मी म्हणालो. लाज वाटत होती म्हणून म्हणालो, दुसरं काही नाही.

जामनेरला न्यायला आलेला गाडीवाला हॉर्न मारत होता. अक्कांनी पुतळा व्हरांड्यात आडवा केला, मला गुडघ्यावर बसवलं आणि पाठ कशी धरायची, पायांत उशी कशी द्यायची ते करून दाखवलं. माझ्याकडून तीनदा करून घेतलं. मग पुतळ्याला मागे झोपवून त्या पुढे बसल्या.

त्या दुपारी म्हातारीची कूस मी बऱ्यापैकी बदलली. तिनं डोळे न उघडता विचारलं, "मनी सून कोठे गई?"

एवढी भाषणं ठोकणारा मी, तिच्या पायांतली उशी पुन्हा नीट करू लागलो.