सासूबाईंसाठी बिनआंब्याचं गोड

उन्हाळ्यात आमच्याकडे शेतात रोडग्यांची पार्टी होते. शाळेला सुट्ट्या लागल्या आणि नवऱ्याची वरठीच्या कारखान्यातली सुट्टी जमली, की सगळं गोत तुमसरजवळच्या आमच्या शेतात, आंब्यांच्या सावलीत. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजायचे, चुलीवर वांग्याची भाजी रटरटवायची, आणि हे सगळं पुरुषांनी करायचं. बायांनी घरून फक्त गोड आणायचं. आता भंडाऱ्याच्या मे महिन्यात कढईसमोर उभं राहून जिलेब्या तळायचं वेड कोणाला लागलंय? म्हणून जे सोपं, तेच. चक्क्यात आमरस फेटला, झालं आम्रखंड. भाजलेल्या रव्यात रस ओतला, झाला शिरा. दुधाच्या पावडरीत घोटला, झाली बर्फी. थोडक्यात काय, कोणाच्याही डब्याचं झाकण उघडा, आत आंबाच.

आणि आमच्या सासूबाईंनी आंबा सोडलेला.

काशीला गेलं की एखादी खायची वस्तू कायमची सोडून यायची, ही आमच्याकडची रीत. आमच्या एका काकांनी कारलं सोडलं. वा रे वा! पुण्यही पदरात आणि जिभेलाही आराम. सासूबाईंनी मात्र आंबा सोडला. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांना पाहिलं होतं, गावरान आंब्यांची बादली पुढ्यात घेऊन बसलेल्या. कोपरापर्यंत रस ओघळला तरी त्यांना शुद्ध नसायची. त्या काशीला गेल्या तेव्हा मी बाळंतपणानंतर आंबागडला माहेरी होते. परत येऊन बघते तो आंबा बंद.

काहून बाप्पा? मला चैनच पडेना. नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "मले काय माहीत? तिलेच विचार." त्यांना विचारलं तर, "सोडला तं सोडला. तू कायले डोकं खाऊन राहिली?"

पार्टीत बाकीचे वाट्या चाटून पुसून खायचे आणि त्या आपला रोडगा गूळ-तुपात कुस्करून खायच्या. मला ते बघवायचं नाही. राग यायचा, त्यांचा की देवाचा कोण जाणे.

यंदा मी ठरवलं, त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी न्यायचं. कैरी किसली, गुळात शिजवली, वेलची सढळ हातानं घातली आणि गुळांबा केला. उन्हात खराब होत नाही, रोडग्यासोबत फक्कड लागतो. सोडला तो पिकलेला आंबा, त्यात कैरीचा काय संबंध, असा माझा हिशेब. त्या लोणचंही खात नाहीत हे दिसत होतं मला, पण त्यांना बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, म्हणून खात नसतील असं मी धरून चालले होते.

"खा आई, यात आंबा नाही," म्हणत मी वाटी पुढे केली.

त्यांनी रोडग्याचा तुकडा बुडवून तोंडात घातला आणि एकदम थांबल्या. मग बाजूला होऊन थुंकल्या.

"कैरी होय?"

"कैरीच ना आई. आंबा थोडीच हाये?"

झालं! निखाऱ्यांजवळ बसलेल्या पुरुषांत वाद पेटला. काका म्हणाले, कैरीले दोष नाही. दीर म्हणाले, "मंग काका, कारलं पिकलं का चालते तुमाले?" सगळे खो खो हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. "झाड तं तेच ना," एवढंच म्हणाल्या. खळाखळा चूळ भरली आणि सरळ माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता खा बोलणी. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, मग गालाला.

"तू बरी हायेस ना? पोटात तं दुखून नाही राहिलं? चक्कर?"

"मले काय धाड भरली? खाल्लं तं तुमी ना!"

तेव्हा कुठे बोलल्या. लेकीच्या वेळी नागपूरच्या दवाखान्यात माझं रक्त थांबत नव्हतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. बाहेर बाकड्यावर बसून सासूबाईंनी गंगामायला कबूल केलं होतं की सून घरी येऊ दे, आंबा जन्मात तोंडाला लावणार नाही. बोलून दाखवलं तर नवस वाया जातो, म्हणून पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. आणि आज माझ्याच हातून तो मोडला, म्हणून आता माझंच काही होईल, ही त्यांची भीती.

मला रडूच फुटलं. माझी लेक खेळायचं सोडून बघायला आली. मी त्यांचा हात धरून ठेवला, म्हटलं, मी बरी आहे आई, बघा, ठणठणीत आहे. त्यांना पटेना, पुन्हा कपाळ चाचपलं. पण स्वभाव जातो का? रडता रडताच विचारलं, "मंग त्या काकांसारखं कारलं काहून नाही सोडलं वो तुमी?"

त्यांनी पदरानं आधी माझे डोळे पुसले.

"कारलं देऊन कोनी सून मांगते का देवाले?"