मंदामावशीचा खिळा

मंदामावशी गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. मी कॉलेजच्या वाचनालयात बसले होते. आमच्या काजूच्या युनिटच्या ग्रुपवर मालकांनी, म्हणजे शेठनी, तिचा आधारकार्डावरचा फोटो टाकला होता आणि खाली हात जोडलेली चिन्हं. मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की शेवंतीचं खरं काय ते आता माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. दुसरा विचार त्याहून वाईट होता... म्हणजे आता मी गप्प बसले तरी चालेल. या गोष्टीला पाच आठवडे झाले. अशा आठवणींच्या लेखात गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात हे मला माहीत आहे. मी प्रयत्न करून पाहिला, पण दोन पानं फाडली. मला तिचा राग आहे, आणि ती गेली म्हणून तो गेलेला नाही.

धामापूरकडून मालवणला येताना रस्त्यापासून थोडं आत आमचं काजूचं युनिट आहे. उकडलेल्या बिया मशीनवर फोडायच्या, आतले गर ट्रेमध्ये लावून बोरम्यात, म्हणजे मोठ्या भट्टीत, सुकवायचे आणि मग सोलायचे. तीस-पस्तीस बायका आहेत. मंदामावशी त्यांची सुपरवायझर होती. वीस वर्षं. माझ्या आईनेही तिच्याच हाताखाली बिया फोडल्या. आईच्या बोटांवरचा चिकाचा काळा डाग अजून गेलेला नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. सकाळी कॉलेज आणि दुपारी युनिट असं मी दोन वर्षं करते आहे. मावशीनेच शेठना सांगून मला आपली मदतनीस म्हणून घेतलं होतं. शेडच्या दाराजवळ भिंतीवर खिळ्यांची रांग आहे. चिकाने कातडी जाऊ नये म्हणून हाताला तेल लावून काम करावं लागतं, त्यामुळे डबा, फोन सगळं पिशवीत घालून पिशवी खिळ्याला लावायची. प्रत्येकीचा खिळा ठरलेला. दाराकडून पहिला मावशीचा.

मी कामाला लागले तेव्हा आम्हाला कॉलेजात संवादकौशल्य हा विषय होता. आपण बायकांसमोर बोलून दाखवावं असं मला वाटलं. चार वाक्यं पाठ केली, आदल्या दिवशी मावशीला म्हणूनही दाखवली. ती म्हणाली, "बरा आसा. बोल." दुसऱ्या दिवशी मी शेडच्या मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, "नमस्कार. मला आपल्या सर्वांशी थोडं महत्त्वाचं बोलायचं आहे." एकेक करून सगळी मशीनं थांबली. पुढे बसलेली शेवंती उठली, फडक्याला हात पुसले आणि खिळ्यावरची पिशवी काढायला निघाली. "कोणाक काढतत गो? माका काढतत?" तिने विचारलं. मला काही समजेना. मग दारातून मावशीचं हसणं ऐकू आलं. "अगो बस, बस! कोणाक काढूक नाय. आमचा कॉलेज बोलता!" सगळ्या जणी हसायला लागल्या. आमच्या शेडमध्ये शुद्ध मराठी फक्त शेठ बोलायचे, तेही कोणाला कामावरून काढायचं असेल तेव्हा. मावशीला हे आधीच माहीत होतं. मी संध्याकाळी तिला विचारलं की काल का नाही सांगितलंस, तर म्हणाली, "सांगान तुका पटला नसता." तेव्हापासून माझं नाव कॉलेज पडलं. मी किती दिवस तोंड वर करून शेडमध्ये शिरत नव्हते, हे तिला कधी सुचलंही नसेल.

तरीही, जे काही मला आज येतं ते तिच्याकडून आलेलं आहे, हे लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन. मशीनच्या आवाजात लांबून ओरडायचं नाही. जवळ जायचं, समोर उभं राहायचं, बाईचा हात थांबू द्यायचा, मग बोलायचं. आणि बोलून झालं की निघून जायचं नाही. "सांगलंस म्हणजे काम झाला नाय. तिना काय आयकल्यान ता तिच्या तोंडातसून आयक," असं ती मला रोज सांगायची. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ती मला शेडमध्ये पाऊल टाकू देत नसे. दारातूनच म्हणायची, "जा गो घराक, हय काय पेपर नाय लिवूचो." आणि साडेपाचला, हात धुऊन झाले की, ती उंबऱ्यावर उभी राहायची. रोज. आधी स्वतःची त्या दिवसाची चूक सांगायची. "सकाळी मी पार्वतीक उगाच बोललंय. चूक माझी." मग एकेक बाई आपापली सांगायची. कोणाचे गर तुटलेले असत, कोणी ट्रे उलटा लावलेला असे. सांगून झालेल्या चुकीवर पुन्हा कोणी बोलायचं नाही, शेठनीसुद्धा नाही, असा तिचा नियम होता. हे तिला कोणी शिकवलं होतं, माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

मग, ती जायच्या अडीच महिने आधी, एका दुपारी ती मला म्हणाली, "डावो बोरमो आज खूप तापता. शेवंतीक सांग, ट्रे तासभर आधी भायर काढ म्हणान." बोरमा शेवंती सांभाळायची. मी ऑफिसच्या खोलीत कॉलेजचा प्रकल्प लिहीत बसले होते. उठायचा कंटाळा आला. मी ग्रुपवर टाकलं, "सर्वांनी कृपया नोंद घ्यावी, डाव्या बोरम्यातील ट्रे आज एक तास आधी बाहेर काढावेत." वाक्य छान झालं असं मला वाटलं, हे मला चांगलं आठवतं... सगळे फोन पिशव्यांत आणि पिशव्या खिळ्यांवर. त्या खिळ्यांसमोरून मी रोज ये-जा करत होते. करपल्याचा वास माझ्या खोलीपर्यंत आला तेव्हा मला आठवलं.

शेठ आले. "हे कोणाचं काम?" त्यांनी विचारलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलेलं नाही, हे तिला माझ्या तोंडावरच दिसलं असणार. मग ती बोलली, आणि तिच्या तोंडून शुद्ध मराठी मी तेवढं एकदाच ऐकलं. "शेवंतीला सांगितलं होतं. तिने लक्ष दिलं नाही."

"माका कोणी सांगूक नाय!" शेवंती ओरडली. "भगवतीची शपथ, माका कोणी सांगूक नाय!"

शेठ म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." शेवंतीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. साडेपाचला मावशी उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "आज कोणी काय सांगूक नको. चला, गाडी येतली." वीस वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी शेवंतीच्या खिळ्याला नव्या मुलीची पिशवी लागलेली होती.

मी मावशीला एसटीच्या थांब्यावर गाठलं. "मावशी, खोटा कित्याक बोललंस?"

"मगे काय तुझा नाव सांगू? तुझा नाव खराब झाला की शेठ भायरसून कोणतरी बाप्यो आणून बसवतलो. माझ्या जाग्यार आमच्यातला तुझ्यासारखा शिकलेला चेडू उभा ऱ्हवाक होया."

"आणि शेवंती?"

"शेवंतीचा मी बघतंय." मग गाडीत चढता चढता ती मागे वळली. "आणि गो, माका इचारतंस? तुका तोंड नाय हुता?"

याच गोष्टीसाठी तिचा मला जास्त राग येतो. तिने मला पुढे आणलं, पण दुसरीच्या पाठीवर पाय देऊन, आणि तो पाय माझा होता. पुढारपण असं कोणी कोणाला शिकवावं का? बघतंय, बघतंय म्हणता म्हणता अडीच महिने गेले. शेवंती मालवणात एका खानावळीत मासे साफ करायला लागली, तेही तिचं तिनेच शोधलं. मग एका सकाळी मावशीच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

शोकसभा शेडमध्येच झाली. शेठनी मला मंदाताईंच्या नेतृत्वगुणांवर पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी बोलले, स्वच्छ शुद्ध मराठीत. बायका माझ्या पहिल्या भाषणाच्या दिवसासारख्याच अंग आखडून ऐकत होत्या. बाहेर पडले तर दाराशी शेवंती उभी. तिच्या अंगाला माशांचा वास येत होता. "बरा बोललंस गो," ती म्हणाली. "शिकलंस." आणि निघून गेली.

मावशीच्या जागी शेठनी मलाच उभं केलं. म्हणजे सगळं तिला हवं होतं तसंच झालं. तीन आठवडे मी साडेपाचला उंबऱ्यावर उभी राहून किरकोळ चुका सांगत होते. आज उशीर झाला, आज आवाज चढला. चौथ्या सोमवारी मी म्हणाले, "माझा जा चुकला ता आजचा नाय. त्या दिवशी मावशीन माका सांगलेला. मी शेवंतीक सांगूक नाय. फोनार लिवलंय. शेवंतीची चूक नाय, माझी आसा." पार्वतीकाकी, आमच्यातली सगळ्यात वयस्कर, खाकरली आणि म्हणाली, "माझे आज धा-बारा गर तुटले." मग तिच्या शेजारची. रांग पुढे सरकली. नियमाप्रमाणे माझ्या चुकीवर कोणी एक शब्दही काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेठना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "हंगाम तोंडार इलो. बोलवा तिका." मी खानावळीच्या मागच्या दाराशी गेले. शेवंती बांगडे साफ करत होती. मी सगळं सांगितलं, तिच्या समोर बसून, तिचा हात थांबण्याची वाट बघून. हात थांबला नाही. "माका ठावक हुता," ती म्हणाली. "तुझा तोंड कधी उघडता ताच बघी हुतंय." मग पाण्यात हात बुडवून म्हणाली, "येतंय. तुझ्यासाठी नाय हां. हय पाण्यात उभा ऱ्हवान पाय सुजतत म्हणान."

गेल्या सोमवारी ती आली. दारात थांबून तिने खिळ्यांची रांग पाहिली. तिच्या खिळ्यावर त्या नव्या मुलीची पिशवी होती. मावशी गेल्यापासून पहिला खिळा रिकामा होता. त्याला कोणी हात लावत नव्हतं, फूल मात्र कोणीतरी अडकवून ठेवायचं. शेवंतीने ते सुकलेलं फूल काढून खिडकीत ठेवलं आणि आपली पिशवी त्या खिळ्याला लावली. पार्वतीकाकीने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी बोलले नाही. या वेळी मात्र जमिनीकडेही पाहिलं नाही.

मावशी, तुला राग आला असेल तर येऊ दे. माझाही अजून गेलेला नाही.