आक्काचं प्रकरण

कादंबरीचा चौथा खर्डा संपत आला होता. एकच प्रकरण मनासारखं उतरत नव्हतं, ते आक्काचं. आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून पाथरीला लेकीकडं राहते. मोतीबिंदूमुळं तिला वाचता येत नाही. म्हणून एका रविवारी सोनपेठहून एसटीनं गेलो आणि ते प्रकरण तिला वाचून दाखवायला बसलो.

त्यातली घटना खरी होती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आक्का मार खाऊन माहेरी आली होती. महिनाभरानं वडील मला म्हणाले, "तिला देवगाव फाट्यावर नेऊन सोड. जावई येतील न्यायला." मी तेव्हा कॉलेजात होतो. कादंबरीत मी लिहिलं होतं, की बहीण स्वतःच पिशवी उचलते, भावाच्या डोक्यावरून हात फिरवते आणि जीपमध्ये जाऊन बसते.

आक्का शेंगा फोडत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "ही कोण हाय रे?"

"तूच की, आक्का."

"मी न्हाई ही. मी तिथल्या हाटेलाचा खांब धरला होता, दोन्ही हातांनी. तू माझी बोटं सोडवलीस. एकेक करून."

विसरलो होतो असं म्हणायची सोय नव्हती. ती बोटं मला चांगली आठवत होती. दर खर्ड्याला मी ते प्रकरण आणखी देखणं करत गेलो होतो, एवढंच.

"आक्का, लय राग आला असंल माझा?"

"राग कशाचा? बापानं सांगितलं, तू केलंस. पण जीप निघाल्यावर तू वळून बी बघितलं न्हाईस. ते लागलं."

मग मी विचारलं, "खरं झालं तसं लिहू का?"

"लिही. फक्त मला वाचून दाखवू नको."

घरी आल्यावर ते प्रकरण फाडलं आणि नव्यानं लिहिलं. अकरा पानांची दीडच पानं झाली. पण ती लिहून झाल्यावर बाकीची कादंबरी हातात धरवेना. ती सगळी हळव्या, समजूतदार भावाच्या तोंडून सांगितलेली होती, आणि तसा भाऊ कधी नव्हताच. आठ वर्षांचं काम. पुन्हा पहिल्यापासून लिहायची ताकद माझ्यात राहिलेली नाही. आहे तसाच खर्डा बांधून ठेवला.

"संपली ना एकदाची?" बायकोनं विचारलं.

"संपली," म्हणालो.

त्यानंतर दोनदा पाथरीला जाऊन आलो. आक्कानं कादंबरीचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. जेवलो, तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि चारच्या गाडीनं परत आलो.