राईस मिलच्या पंख्यावाल्या मॅडम

मॅडमच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा सापडला नसता, पण लाल लोकरीचा तुकडा हमखास असे. कुठल्याही खोलीत शिरल्या की तो चिमटीत धरून वारा कुठून येतो ते आधी बघायच्या, मग बसायच्या. गोंदियाच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या वाऱ्याचाच विषय शिकवत. माहेर सालेकशाकडचं. वर्गात बोलायच्या प्रमाण मराठी, पण कुणी थापा मारू लागला की लगेच माहेरची बोली.

त्यांचं लाडकं लेकरू म्हणजे प्रयोगशाळेतला विंड टनेल, आत वारा सोडून यंत्रं पारखायचा बोगदा. बंद पडलेल्या राईस मिलचा पंखा मागून आणून, सुताराकडून भलंमोठं खोकं ठोकून घेऊन त्यांनी तो उभा केला होता. सुरू झाला की खोलीभर कोंड्याचा वास सुटायचा. "आपल्या हवेलेही धानाचाच वास," म्हणून त्या हसायच्या.

शेवटच्या वर्षी त्यात मी छोटी पवनचक्की फिरवली. पात्याच्या बुडाशी ताण किती येईल ते कॉम्प्युटरवर आधीच काढलं होतं. मोजला तर बराच जास्त निघाला, तोही हिसके देत. माझा जोडीदार म्हणाला, एखादा गुणक लावून आकडे जुळवून टाकू. मॅडम मागेच उभ्या होत्या.

"काऊन जुळवून राहिले? कॉम्प्युटरले कोणता वारा सांगितला?"

"सगळीकडे सारखा," मी म्हणालो.

"आन् पात्याले कोणता लागून राहिला, ते पायलं का?"

मग पवनचक्की काढून त्या जागी आम्ही खालपासून वरपर्यंत वारा मोजला. खाली जोरदार, वर मवाळ. म्हणजे पातं दर फेरीत खाली आलं की दणका खात होतं. तोच वाकडा वारा कॉम्प्युटरला दिला आणि हिशेब मोजमापाला येऊन मिळाला. मी हरखून गेलो. मॅडम मात्र खोक्याच्या फळीवर हात फिरवत होत्या.

त्या खोलीवर विभागप्रमुखांचा डोळा होता. त्यांना तिथे कॉम्प्युटर मांडायचे होते. टनेलचा वारा वाकडा आहे असं अहवालात आलं की त्यांना आयतंच निमित्त मिळणार होतं. दुरुस्तीपेक्षा मोडीत काढणं केव्हाही सोपं. मी हळूच म्हणालो, वाऱ्याचं तेवढं पान गाळू या.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मंग शिकला काय इथं? लिही, बाबू. पयल्याच पानावर लिही."

लिहिलं. सुट्टीत टनेल भंगारात गेला. मॅडम भंगारवाल्याच्या गाडीपर्यंत त्याच्यामागे चालत गेल्या, असं शिपायाने सांगितलं.

आज मी त्यांच्याच शिकवणीची भाकरी खातो. पवनचक्कीच्या माथ्यावर लेझरचं यंत्र बसवून समोरून येणारा वारा मोजायचा आणि तो घालून पात्यांवरचा, मनोऱ्यावरचा भार काढायचा, ही माझी नोकरी. इथलेही आकडे पहिल्यांदा जुळले त्या संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. निवृत्त होऊन त्या आता कामठ्याला राहतात. आधी मनापासून आभार मानले. मग इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं, "मॅडम, माझ्या पानामुळे टनेल गेला. वाईट वाटलं असेल ना?"

"वाटलं ना. घरी येऊन रडली मी." मग म्हणाल्या, "त्या मनोऱ्यावर माणसं चढतेत का रे, दुरुस्तीले?"

"रोज चढतात."

"तुह्या हिशेबाच्या भरोशावर?"

"हो, मॅडम."

"मंग ते पान लिहिलं ते बरं झालं."